भरतीचं वजन

चनमल्लप्पा तोलार बाजारात कधी खोटं बोलला नाही, आणि घरात मुळी बोललाच नाही. म्हणजे अगदी मुका नव्हता हो. ‘आलो’, ‘वाढ’, ‘दिवा मालव’ एवढं बोलायचा. पण भुसार बाजारात दिवसभर घसा फोडून आकडे पुकारणारा हा माणूस संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या आपल्या बोळात शिरला की त्याचा आवाज चपलांबरोबर उंबऱ्याबाहेरच राहायचा. बायको शांतम्मा म्हणायची, “माझ्या वाटणीचं बोलणं ज्वारीच्या पोत्यांस्नी जातंय.” ती हे हसत हसत म्हणायची, म्हणून त्याला ते कधी लागलं नाही. लागायला हवं होतं.

तोलार म्हणजे काट्यावरचा माणूस. शेतकरी माल आणतो, व्यापारी घेतो आणि दोघांच्या मधे तोलार उभा. दोघंही त्याच्या हाताकडं टक लावून असतात. पारडं कुणाकडंही झुकलं तरी शिव्या त्यालाच. चनमल्लप्पाचा बाप तोलार, चुलता तोलार. बापानं त्याला धंद्याला लावलं तेव्हा हिशेब शिकवायच्या आधी वळण शिकवलं. पहिलं माप ‘एक’ म्हणून पुकारायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. काट्यासमोर पायात चपला ठेवायच्या नाहीत. आणि जिवंत माणूस धान्याच्या काट्यावर चढवायचा नाही, काय वाट्टेल ते होवो. काटा लक्ष्मीचा आहे, माणूस काही विकायचा माल नव्हे. चनमल्लप्पानं जन्मभर हे पाळलं. हमालांची पोरं गंमत म्हणून काट्यावर उभी राहायला लागली तर हा शांत माणूस असा खेकसायचा की पोरं आडतीच्या बाहेर पळायची.

आता माणूस काट्यावर चढवायचा नाही म्हटल्यावर नजर तयार होते. त्याची तर अशी झाली होती, की गाडीवरचं पोतं उतरायच्या आधीच तो आकडा सांगायचा आणि मग काट्यावर तोच आकडा निघायचा. माणसांचंही तसंच. एकदा हमालांच्या तपासणीला दवाखान्याची मंडळी आपला काटा घेऊन आली होती. चनमल्लप्पा कडेला उभा राहून एकेकाचं वजन आधीच पुटपुटत होता, आणि शेवटी डॉक्टरांनीच वैतागून त्याला लांब जायला सांगितलं. या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान. स्वतः कुणाला सांगायचा नाही, पण दुसऱ्यानं सांगितली की पुन्हा एकदा ऐकायला थांबायचा.

दोन मुली होत्या, दोघींची लग्नं झाली. थोरली माळशिरसला, धाकटी अक्कलकोटच्या बाजूला. घरात राहिली दोघंच. शांतम्मा मागं एकदा माळ्यावरून शिडीसकट पडली होती, तेव्हापासून तिचा खुबा धरलेला. चालायची, कामं करायची, पण बाकावर किंवा गाडीच्या सीटवर तासभर बसली की डोळ्यांत पाणी यायचं. त्यामुळं लांबचा प्रवास बंद. तिची एकच इच्छा होती, पाडव्याला श्रीशैलला जाऊन मल्लय्याच्या पायावर डोकं ठेवायचं. दरसाल ती विषय काढायची, दरसाल तो म्हणायचा, “पुढल्या साली बघू.” आणि दरसाल ती गप्प बसायची. दुष्काळ सरून दोन-अडीच वर्षं झाली होती, त्या साली मात्र ती गप्प बसेना. स्वयंपाक करताना, अंथरूण घालताना, येता-जाता तेच. “यंदा न्या. पुढल्या सालचं नका सांगू.” आयुष्यात कधी हट्ट न केलेली बाई एकदम लहान पोरीसारखी हटून बसली. चनमल्लप्पाला वाटलं, वय झालं की माणसं हट्टी होतात.

आणि नेमका त्याच वेळी शेजारच्या गुरप्पानं ट्रेलर आणला.

गुरप्पाचं पेठेत भांड्यांचं दुकान. माणूस मनाचा मोकळा आणि हाताचा त्याहून मोकळा. पिशवी दिली तर तिचे बंद तुटेपर्यंत भरणार. लष्करानं लिलावात काढलेली एक जीप त्यानं आधीच घेतली होती. टेंभुर्णीला एका भंगारवाल्याकडं त्याच जातीचा दोन चाकांचा ट्रेलर दिसला, तो जीपला जोडूनच घरी आला. मग काय विचारता! लोखंडी नळ्या वाकवून कमान केली, वर ताडपत्री चढवली, आत फळ्यांची बाज ठोकली, मागचं फळकं खाली सोडलं की स्वयंपाकाचा ओटा व्हावा अशी साखळी लावली. पाण्याचं पिंप, स्टोव्ह, कंदील. बोळातली बायामाणसं येऊन आत डोकावून जायची. “घर हाय की चाकांवरचं!” गुरप्पाची छाती दोन इंच पुढं यायची.

तोच म्हणाला, “अण्णा, वैनीस्नी ह्यात झोपवून नेऊ की श्रीशैलला. मी हाय, तुमी हाय, कमलम्माक्का हाय. वाटंत कुटंबी विहीर बघायची, तळ ठोकायचा, भाकरी थापायच्या.”

शांतम्मा दारात उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत जाऊन देवासमोर दिवा लावला. चनमल्लप्पाला नाही म्हणायला जागाच उरली नाही. खरं सांगायचं तर त्यालाही बरं वाटलं.

जायच्या आधी आठवडाभर गुरप्पानं गाडी भरून अक्कलकोट रस्त्याला एक फेरी मारली. गेला होता हसत, आला तो तोंड पांढरं करून. तसाच चनमल्लप्पाच्या ओट्यावर येऊन बसला आणि पाणी मागितलं.

“अण्णा, जरा वेग धरला की ट्रेलर मागं शेपूट हलवलालंय. इकडं जातंय, तिकडं जातंय. उतारावर तर जीपलाच ढकलाया लागलं. तुमी वजनातलं जाणता. काय तरी बघा की.”

चनमल्लप्पा उठला, ट्रेलरभोवती एक फेरी मारली. पाण्याचं पिंप अगदी शेपटाला, ओट्याजवळ बांधलेलं. हातात यावं म्हणून. पोतीही मागंच.

“मागं भार झाला,” तो म्हणाला. “खांद्यावर काठी घिऊन मागच्या टोकाला घागर बांधली तर पुढचं टोक वर जाईल का न्हाई? तसं झालंय. जीपच्या मागं ट्रेलर अडकवलंय त्या आकड्यावर त्यानं थोडं तरी दाबून बसलं पायजे. पिंप चाकाच्या पुढं घे. बाजबी पुढं सरकव.”

पिंप पुढं आलं, ट्रेलरची मान आकड्यावर बसली. पण चनमल्लप्पाचं समाधान होईना. “ह्यात किती भरायचं, ते कुटं लिवलंय का?”

लिहिलेलं होतं. ट्रेलरच्या अंगावर एक पितळी पट्टी होती, तिच्यावर इंग्रजीत, पौंडांत. गुरप्पानं रॉकेलच्या बोळ्यानं पुसून वाचली. “एकूण हजार पौंड. म्हंजे साडेचारशे किलो माल बसतोय की अण्णा!”

“एकूण म्हंजे? बारदान धरून का सोडून?”

बारदान म्हणजे पोत्याचं, डब्याचं, ज्यात माल भरला त्याचं वजन. बाजारात शेंबडं पोरही भरतीच्या वजनातून बारदान आधी वजा करतं. गुरप्पा स्वतः भांडी वजनावर विकायचा, त्यालाही हे ठाऊक होतंच. पण गाडीला बारदान असतं हे कुणाच्या डोक्यात येतंय? पट्टी पुन्हा वाचली. ट्रेलरसकट हजार पौंड. गुरप्पानं कपाळावर हात मारला.

“आणि ह्याला ब्रेक न्हाई,” चनमल्लप्पा म्हणाला. “घाट उतरताना एकट्या जीपनं सगळं थांबवायचं. जास्त भरलं तर जीप थांबंल, ट्रेलर थांबायचं न्हाई.” त्या ट्रेलरमध्ये निजून कोण जाणार होतं हे दोघांनाही माहीत होतं.

मग रिकामा ट्रेलर बाजारातल्या भुईकाट्यावर नेला. भुईकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा काटा, ज्यावर अख्खी बैलगाडी चढते. कमान, ताडपत्री, बाज, ओटा सगळ्यासकट नुसतं बारदानच भरलं दोनशे सत्तर. गुरप्पा बघतच राहिला. “ती कमान मी फुकटची समजून चाललो की ओ!” उरलं एकशे ऐंशी. त्यातून शांतम्माचे चोपन्न वजा केले. ते चनमल्लप्पानं उभ्या उभ्या सांगितले, एवढं कुठं मोजायचं असतं? स्वतःची बायको. राहिलं ते पाण्याचं, धान्याचं, अंथरुणा-पांघरुणाचं.

पुढचे दिवस बोळात नुसता कल्ला. गुरप्पानं दुकानातली दोन तांब्याची मोठी भांडी घेतली होती, ती उतरवून ॲल्युमिनियमची पातेली घ्यायला लावली, तेव्हा त्याचा चेहरा असा पडला की जणू कुणी घरातलंच गेलं. पिंप काठोकाठ भरायचं नाही, अर्ध्याच्या थोडं वर, कारण वाटेत विहिरी आहेत. जादा चाक जीपमध्ये. चनमल्लप्पा एकेक जिन्नस आपल्या हातानं तोलून ट्रेलरमध्ये ठेवत होता आणि बेरीज तोंडानं पुटपुटत होता. ‘लाभ’पासून सुरू.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते कमलम्माशी.

कमलम्मा म्हणजे बोळातली सगळ्यात वडील बाई. नवरा तरुणपणीच गेलेला, तेव्हापासून तिनं बोळाचा दासोह सांभाळला होता. दर सोमवारी प्रत्येक घरातून मूठभर ज्वारी, मूठभर डाळ गोळा करायची, साठवायची, आणि कुणी श्रीशैलला निघालं की तिथल्या अन्नदानाला पाठवायची. या बोळाचा एक रिवाज होता. दासोहाचं धान्य निघालं की त्याला नाही म्हणायचं नसतं. जो जाईल त्यानं जेवढं असेल तेवढं न्यायचं. यंदा दोन पोती भरली होती, आणि चनमल्लप्पा म्हणत होता एकच बसेल.

“अय्यो देवरे!” कमलम्मा कडाडली. “जन्मभर बाजारातली पोती मोजलास, आता देवाची मोजतोस व्हय रे?”

“अक्का, घाट हाय. ट्रेलरला ब्रेक न्हाई.”

“मल्लय्या हाय की ब्रेक लावायला! बसत नसंल तर माणूस कमी करा. देवाचं धान्य कसं कमी करता?”

बोलून गेली बिचारी. तिच्या मनात काही नव्हतं. रागावली की तिची जीभ पुढं पळायची आणि अक्कल मागून धापा टाकत यायची. पण आत चुलीपाशी शांतम्मानं ते ऐकलं. रात्रीच्या जेवणाला वाढता वाढता ती हळूच म्हणाली, “मी न्हाई आले तर अक्काची दोन्ही पोती बसतील, न्हाई का?”

“गप,” चनमल्लप्पा म्हणाला.

एवढंच. पण हा शब्द त्यानं ताटावरची नजर न उचलता म्हटला असला तरी त्यात लोखंड होतं. दुसऱ्या दिवशी एकच पोतं चढलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गुरप्पाचं डोकं चाललं. “अण्णा, तुमची बेरीज खरीच असणार, पण भरलेलं ट्रेलर एकदा काट्यावर बघू की. जसं जायचं हाय तसं. वैनीस्नी आत निजवून.”

चनमल्लप्पा कुरकुरला. माणूस काट्यावर नको. पण गुरप्पा म्हणाला, गाडीवाले बैलगाडीवर बसूनच भुईकाटा करतात की, आणि हा काही धान्याचा काटा नव्हे. शिवाय शांतम्माला बाजेवर निजता येतंय का, खुब्याला काही रुतत नाही ना, तेही बघायला हवं होतं. तीही तयार. नवी जांभळी इरकल नेसून ती बाजेवर आडवी झाली आणि बोळातून भुईकाट्यापर्यंत ताडपत्रीच्या फटीतून बाहेर बघत गेली. पेठ अशी निजून बघायची तिची पहिलीच वेळ.

काट्यावर ट्रेलर जीपपासून सोडवला, पुढं टेकू दिला. चनमल्लप्पाची बेरीज होती साडेचारशेला एक कमी. काटेवाल्यानं दांडीवरचं वजन सरकवलं, दांडी थरथरून स्थिर झाली.

“चारशे पस्तीस.”

“पुन्ना बघ,” चनमल्लप्पा म्हणाला.

पुन्हा चारशे पस्तीस. गुरप्पानं टाळी वाजवली. “म्हंजे जागा उरली की! अण्णा, आयुष्यात पयल्यांदा चुकलात बघा. पेढे द्या!” काटेवालाही हसला. चनमल्लप्पा तोलार चुकला, ही बातमी बाजारात तासाभरात फिरणार होती. आतून शांतम्माचंही हसू ऐकू आलं.

चनमल्लप्पा मात्र हसला नाही. त्याला आधी काट्याचाच संशय आला. काटेवाल्याला सांगून त्यानं ट्रेलर खाली घेतला, रिकामा काटा शून्यावर बसवून घेतला, ट्रेलर पुन्हा वर चढवला. तेच. मग तो ओठ हलवत उभा राहिला. ज्वारी आपल्या हातानं तोलली. डाळ, गूळ तोलला. पाणी मापानं ओतलं. पातेली, स्टोव्ह, वाकळा, कंदील, सगळं तोललेलं. बारदान ह्याच काट्यावर झालेलं. मग चौदा किलो गेलं कुठं?

तोललं नव्हतं असं त्यात एकच होतं.

“शांते,” त्यानं हाक मारली, “जरा उतर बघू.”

त्यानं मागचं फळकं सोडलं, पुढं होऊन तिला काखेत धरून खाली घेतलं. बाजेवरून काट्याच्या कडेपर्यंत, दोन हातांवर. तिथंच त्याला कळलं. काट्याची गरजच उरली नाही. पोतं उचलणारे हात ते, त्यांना कोण फसवणार? शांतम्मा त्याच्या हातांत आली आणि हात वरच गेले. एवढं हलकं काही उचलायची त्यांची तयारीच नव्हती. लुगड्याच्या घड्यांच्या आत बाई होतीच कुठं? खांद्याची हाडं आणि बांगड्या.

“तीनशे पंच्याण्णव,” काटेवाल्यानं सांगितलं. बेरजेप्रमाणं, बरोबर.

म्हणजे शांतम्मा चाळीस. आणि हा माणूस ह्याच काट्यापाशी उभ्या उभ्या चोपन्न सांगून गेला होता.

गुरप्पाला काही कळलं नाही, तो जीप मागं घेण्यात गुंतला. चनमल्लप्पानं शांतम्माला काट्याशेजारच्या लिंबाखाली दगडावर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर खाली, धुळीत बसला. बाजारातली माणसं येत-जात होती. तोलाराला असं बायकोसमोर मांडी घालून बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याचं कुणाकडं लक्ष नव्हतं. तो तिच्या तोंडाकडं बघत होता. गालफडं बसलेली, मानेवरच्या शिरा वर आलेल्या, मंगळसूत्राखाली खळगा पडलेला. हे सगळं काय एका दिवसात झालं होतं? रोज ताट वाढत होती, रोज समोर होती. दुष्काळात सगळेच वाळले, हेही तसंच समजून त्यानं नीट बघायचंच सोडलं होतं. त्याच्या डोळ्यांपुढची शांतम्मा दुष्काळाच्या आधीची होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

“कवापासनं?” त्यानं विचारलं.

“काय कवापासनं?”

“असं कर नको. सांग.”

तिनं पदर सारखा केला. “दिवाळीपासनं. घास खाली उतरत न्हाई नीट. उतरला तर ऱ्हात न्हाई.”

“आणि मला सांगितलं न्हाईस?”

“तुमी इचारलं कुटं?” ती म्हणाली. भांडून नाही, अगदी साधेपणानं, मीठ कुठं ठेवलंय हे सांगावं तसं. “आणि सांगून काय? तुमी दवाखाना करत बसला असता. मला ठाऊक हाय ओ माझं. म्हणून तर यंदा म्हणत होते.”

हट्ट, हट्ट म्हणत होता तो हा होता. त्याला रडू आलं, आणि बाजारात, भर उन्हात, तोलाराच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. पुसायचंही त्याला सुचलं नाही. शांतम्मा घाबरली. “अवं, लोक बघालेत.”

“बघू देत.”

तिथून तो तिला तसाच डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, खूप प्रश्न विचारले आणि चनमल्लप्पाला बाजूला घेतलं. फोटो काढावा लागेल, मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल, आताच काही सांगता येत नाही, असं म्हणाले. वाईटच असेल असंही नाही, म्हणाले. शांतम्मा पडद्याआडून ऐकत होती. ती तिथूनच बोलली, “डॉक्टरसाब, मी श्रीशैलला जाऊन येते, मग काय काढायचं ते काढा. आदी मल्लय्या.” डॉक्टर चनमल्लप्पाकडं बघत राहिले. मग म्हणाले, पातळ खायला द्या, उन्हात नेऊ नका, आल्या दिवशी इथं आणा, एक दिवस इकडंतिकडं नको. चनमल्लप्पानं मान हलवली. न्यायचं नाही असं म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण तिच्याकडं बघून त्याला ते म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात ही गर्दी. कुणी नारळ आणला, कुणी ऊदकाडी, कुणी मल्लय्याला सांगायचा निरोप. “शरणार्थ, शरणार्थ” चाललेलं. शांतम्मा बाजेवर आडवी, उशाशी मऊ पेजेचा डबा. गुरप्पा जीप सुरू करून बसलेला. तेवढ्यात कमलम्मा आली. मागं हमाल, हमालाच्या पाठीवर एक गाठोडं.

“गुरप्पानं सांगितलं मला,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “चौदा किलोची जागा निघाली म्हणं. मी मापून चौदाच आणलंय. आता तर न्हाई म्हणू नकोस बाबा. चढव रे.”

हमाल पुढं झाला. चनमल्लप्पा ट्रेलरच्या मागच्या फळक्यासमोर जाऊन उभा राहिला.

“न्हाई अक्का.”

“का न्हाई? तुझ्याच बेरजेत बसतंय की!”

“बसतंय. तरी न्हाई.”

दासोहाच्या धान्याला आजवर कुणी ‘न्हाई’ म्हटलं नव्हतं. वजनात बसत नाही म्हणून मागं ठेवलं ते वेगळं. हे बसत होतं, तरी तो नाही म्हणत होता. कमलम्माचा चेहरा लाल झाला.

“अरे, देवाचं हाय ते! देवाला काय सांगू मी?”

“देवाला मी सांगतो.” चनमल्लप्पाचा आवाज चढला, बाजारातला आवाज, जो बोळानं कधी ऐकलाच नव्हता. “अक्का, ती जागा मोकळी न्हाई. ती शांतम्माची हाय. तिचं चौदा किलो वजन माझ्या घरात, माझ्या डोळ्यासमोर गेलं, आणि मला तोलाराला कळलं न्हाई. ती जागा ज्वारीनं भरू? मग ते परत आलं तर ठिवू कुटं?”

गुरप्पानं जीप बंद केली. कमलम्मानं एकदा त्याच्याकडं बघितलं, मग ती ट्रेलरजवळ गेली, ताडपत्री वर करून शांतम्माकडं नीट बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं तिनंही. “यव्वा,” एवढाच शब्द तिच्या तोंडून निघाला. हमालाला तिनं हातानं मागं फिरवलं. गाठोड्यातून एक मूठ ज्वारी घेतली, शांतम्माच्या पदरात घातली आणि पदराला गाठ मारली. “ही तेवढी ने,” ती म्हणाली. “आणि ती पेज पी वाटंत. ऐकायली का? सगळी पी.” मग ती स्वतः मुकाट्यानं जीपमध्ये चढून बसली.

चनमल्लप्पाची जागा पुढं गुरप्पाशेजारी ठरली होती. वयाचा मान म्हणून. तो तिथं बसला नाही. त्यानं ट्रेलरच्या पुढची ताडपत्री वर गुंडाळून बांधली, बाजेवर सावली राहील एवढी ठेवून. मग जीपच्या मागच्या बाजूला, गाठोड्यांमध्ये, रस्त्याकडं पाठ आणि ट्रेलरकडं तोंड करून बसला. गुरप्पानं गाडी हळू काढली. बोळ सुटला, पेठ सुटली, अक्कलकोटचा रस्ता लागला. ट्रेलर सरळ मागं येत होता. मधे हातभराचं अंतर, पलीकडं बाजेवर शांतम्मा.

थोड्या वेळानं ती लाजली. “काय बघालाय ओ मघापासनं?” तिनं इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

“तुला,” तो ओरडून म्हणाला, आणि तसाच बघत राहिला.